हमीद दलवाईंचं आधी काय वाचावं? वकिलीतल्या अनुभवातून एक लांब उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. कॉलेजच्या प्रोजेक्टला मराठी लेखक आणि मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई हा विषय मिळालाय, घरातले एक काका त्यांचा फोटो फॉरवर्ड करून "असे मुसलमान पाहिजेत" म्हणतात आणि तुझ्या मैत्रिणीच्या घरी हेच नाव काढलं तर "तो आपल्या धर्माचा दुश्मन होता" म्हणून विषयच बंद होतो, तर माणूस नक्की कोण होता आणि कुठलं पुस्तक आधी उघडू, असं तू विचारलंयस.

आधी माझं सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी कोकणी मुसलमान घरातली, दापोली तालुक्यातली, आणि गेली २७ वर्षं पुण्यात कौटुंबिक कोर्टात वकिली करते. दलवाई मी काही साहित्याच्या वर्गात वाचले नाहीत, ते मला वाचायला लागले पक्षकारांमुळे. प्रॅक्टिस सुरू करून वर्षही झालं नव्हतं तेव्हा एक बाई आली, कडेवर पोर, हातात रजिस्टर पोस्टाचं पाकीट, आत एका पानावर तीन ओळी. मला म्हणाली, "ताई, हे वाचून दाखवा, मला उर्दू येत नाही." तिचं लग्न मोडलं होतं ते तिला वाचता न येणाऱ्या भाषेत. त्या रात्री मी घरी येऊन वडलांच्या कपाटातलं दलवाईंचं पुस्तक पहिल्यांदा उघडलं. वडलांनी ते कव्हर घालून ठेवलं होतं, पाहुण्यांना नाव दिसू नये म्हणून.

तर माझं उत्तर असं की आधी त्यांच्या गोष्टी वाच. मग त्यांच्या बायकोचं आत्मचरित्र. आणि राजकारणावरचं पुस्तक सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात, राजकारणाच्या पुस्तकातली दोन पानं वाचतात आणि थांबतात, तुझे काका आणि तुझ्या मैत्रिणीच्या घरचे दोघंही बहुधा त्याच दोन पानांवरून बोलताहेत.

दलवाईंचा जन्म २९ सप्टेंबर १९३२, गाव मिरजोळी, चिपळूणजवळ. हे गाव लक्षात ठेव कारण पुढचं सगळं त्या मातीतून आलंय. रत्नागिरी जिल्ह्यातला मुसलमान म्हणजे घरात कोकणी-मराठी बोलणारा, सुन्नींमधल्या शाफी पंथाचा, भातशेती, आंबा, घरटी एक माणूस बोटीवर नाहीतर मुंबईला, शेजारी कुळवाडी, पलीकडे बौद्धवाडी, वरच्या आळीला ब्राह्मण. दलवाई मराठीतच विचार करत होते आणि मराठीतच लिहीत होते. लहान वयात राष्ट्र सेवा दलात गेले, तिथून समाजवादी चळवळीत, मग मुंबई, आचार्य अत्र्यांच्या 'मराठा' दैनिकात पत्रकारी. 'मराठा'साठी ते देशभर फिरले, मुसलमान वस्त्यांतून, पुढाऱ्यांच्या बैठकांतून, मदरशांतून बोलत ऐकत फिरले आणि लिहीत गेले. हे मुद्दाम सांगतेय कारण त्यांच्यावर आरोप होतो की खुर्चीत बसून समाजाला शिव्या घातल्या. तसं नाहीये, आधी पायपीट झालीय.

आता गोष्टी. 'लाट' हा कथासंग्रह १९६१ चा, 'इंधन' ही कादंबरी १९६५ ची, आणि त्यांच्या विखुरलेल्या कथा 'जमीला जावद' या नावाच्या संग्रहात आता सहज मिळतात. त्याआधीच्या मराठी कथेत मुसलमान यायचा तो बहुतेक अत्तरवाला, टांगेवाला, पठाण नाहीतर इतिहासातला सरदार म्हणून. दलवाईंच्या कथेत तो घरातला माणूस म्हणून येतो, ज्याला कर्ज आहे, ज्याच्या बहिणीचं लग्न ठरत नाहीये, जो नमाजाला जातो पण मन दुसरीकडे आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या ओटीवरचे आवाज ऐकू आले, खरंच, आजीचं बोलणं छापलेलं पाहिल्यासारखं वाटलं. असं मराठी पुस्तकात असू शकतं हेच मला तोवर माहीत नव्हतं.

'इंधन' मधे एक माणूस बऱ्याच वर्षांनी आजारी होऊन गावी परततो. घरच्यांशी त्याचं जुनं पटलेलं नाही, धर्म तो मानत नाही हे गावाला माहीत आहे. आणि मग त्याच्या डोळ्यांनी गाव दिसायला लागतं, मुसलमान, कुळवाडी, बौद्ध, ब्राह्मण यांचे एकमेकांत अडकलेले व्यवहार, जमिनीचे, पैशाचे, बायकांचे, मानापमानाचे. कुणीही साधूसंत नाही त्यात. जमीनदार मुसलमान घराचा माज आहे, कुळांच्या मनातला साचलेला राग आहे, चोरटे संबंध आहेत, आणि हे सगळं धुमसत धुमसत एका दंग्यापर्यंत जातं. स्वातंत्र्यानंतर कोकणात खोती गेली, कुळकायदा आला, वर्षानुवर्षं वाकून उभा राहणारा माणूस जमिनीचा मालक व्हायला लागला आणि वरचे खाली आले, हा बदल ज्या घरांनी पाहिला त्यांना ही कादंबरी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. नावच बघ ना, इंधन. काडी कुणीही टाकू दे, सरपण आधीपासून रचलेलं होतं, आणि ते रचण्यात सगळ्या आळ्यांचा हात होता. दिलीप चित्र्यांनी तिचं इंग्रजी भाषांतरही केलंय पण तू मराठीच वाच.

मी हे आधी वाच म्हणते त्याचं कारण हे की या पुस्तकात दलवाई स्वतःच्या लोकांबद्दल निर्दय होत नाहीत आणि त्यांना माफही करत नाहीत. हा तोल एकदा कळला की पुढचं राजकीय लिखाण वाचताना, कितीही कडक वाक्य आलं तरी, ते कुणाच्या तोंडचं आहे हे तू विसरणार नाहीस.

आता लग्नाचा भाग. इथे माझ्या धंद्याचा विषय येतो म्हणून जरा सविस्तर लिहिते, चरित्रांमधे हा एका ओळीत उरकतात आणि मला ते फार चुकीचं वाटतं. १९५६ साली हमीद आणि मेहरुन्निसा यांचा निकाह झाला, रीतीप्रमाणे, आणि त्यानंतर त्यांनी तेच लग्न स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली परत केलं. लोक म्हणतात छान, पुरोगामी जोडपं. पण त्याचा अर्थ काय झाला ते बघ. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट १९५४ चा, म्हणजे कायदा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. त्या कायद्यात धार्मिक पद्धतीने झालेलं लग्नसुद्धा नंतर नोंदवता येतं, ३० दिवसांची नोटीस लागते, दोघांपैकी कुणाचा दुसरा जोडीदार हयात नसला पाहिजे. आणि एकदा नोंद झाली की ते लग्न त्या कायद्याखालचं मानलं जातं. म्हणजे नवऱ्याला दुसरी बायको करता येत नाही, केली तर गुन्हा. तलाक तोंडी देता येत नाही, कोर्टातच यावं लागतं, आणि बायकोलाही त्याच दारातून जाता येतं. आणि तिसरी गोष्ट जी कुणाच्या लक्षात येत नाही, वारसा. त्या लग्नाला भारतीय वारसा कायदा १९२५ लागू होतो. सुन्नी कायद्यात मुलं असतील तर विधवेला आठवा हिस्सा आणि मुलीला मुलाच्या निम्मा, भारतीय वारसा कायद्यात विधवेला तिसरा हिस्सा आणि उरलेल्यात मुलगा मुलगी सारखे.

म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांच्या एका पोराने, मोर्चाबिर्चा काढायच्या दहा वर्षं आधी, नवरा म्हणून त्याला मिळणारे तीन मोठे अधिकार सरकारी रजिस्टरवर सही करून सोडून दिले. भाषण नाही, लेख नाही. मी आजही माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना, दोघंही मुसलमान असले तरी, हे सांगते की निकाह करा, आईवडलांचं समाधान करा, आणि नंतर जाऊन नोंद करून या. बऱ्याच जणांना वाटतं हा कायदा फक्त आंतरधर्मीय लग्नासाठी आहे. नाही, तो कुणासाठीही आहे. नोटीस बोर्डावर लागते त्याची भीती असते, घरच्यांचा दबाव येतो, ते खरं आहे, पण ज्यांनी केलं त्यांतली एकही मुलगी नंतर पाकीट घेऊन माझ्याकडे आलेली नाही.

मग येतो १८ एप्रिल १९६६. मुंबईत विधिमंडळावर सात मुसलमान बायकांचा मोर्चा. सात. मेहरुन्निसाबाई त्यातल्या एक. मागण्या काय तर तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सगळ्या नागरिकांना समान नागरी कायदा आणा. सातचा आकडा वाचून हसणारे तेव्हाही होते आणि आताही आहेत, पण मोहल्ल्यातून बाई बाहेर काढणं म्हणजे काय असतं हे ज्याला माहीत आहे तो हसणार नाही. माझ्याकडे आजही केस दाखल करायला येणारी बाई एकटी येत नाही, भाऊ नाहीतर आई लागते, आणि कोर्टाच्या आवारात ओळखीचं कुणी दिसलं तर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते. हे आज. १९६६ मधे फलक घेऊन, तोंडं उघडी ठेवून, स्वतःच्या समाजाविरुद्ध नाही तर समाजातल्या एका अन्यायाविरुद्ध रस्त्यावर येणं, आणि संध्याकाळी परत त्याच बिल्डिंगमधे, त्याच नळावर पाण्याला जाणं, याला काय लागत असेल. स्वतंत्र भारतात मुसलमान बायकांनी स्वतःच्या व्यक्तिगत कायद्यातल्या अन्यायाविरुद्ध काढलेला हा पहिला मोर्चा मानतात.

त्यावेळचा मुख्य युक्तिवाद हा होता की शरियत ईश्वरी आहे, तिला हात लावता येत नाही. दलवाईंचं म्हणणं होतं की हा कायदा माणसांनी चालवलेला आहे आणि माणसांना बदलता येतो. कायद्याची विद्यार्थिनी म्हणून सांगते, इतिहास त्यांच्या बाजूने आहे. शरियत अ‍ॅप्लिकेशन अ‍ॅक्ट १९३७ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या कायदेमंडळाने केलेला, त्याआधी देशात कितीतरी मुसलमान जमाती वारशात स्थानिक रूढी पाळत होत्या आणि त्यात मुलींना काहीच मिळत नसे, तेव्हा तो कायदा बायकांच्या दृष्टीने एक पाऊल पुढे होता. त्यातूनही शेतजमीन वगळली होती, म्हणजे ईश्वरी कायद्याला राजकारणासाठी कात्री लावलीच ना. मग १९३९ चा विवाह विच्छेद कायदा, ज्यात नवऱ्याने दोन वर्षं पोटगी दिली नाही किंवा चार वर्षं त्याचा पत्ता नाही तर बाई कोर्टातून लग्न मोडून घेऊ शकते. हा कायदा मी दर महिन्याला वापरते. म्हणजे बदल आधी दोनदा झालेला होता. १९६६ ला त्या सात बायका तिसऱ्या बदलाची मागणी करत होत्या, आकाशातून काही नवीन आणत नव्हत्या.

१९६८ मधे प्रा. अ. भि. शहांबरोबर इंडियन सेक्युलर सोसायटी. आणि २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ. नाव सरळ महात्मा फुल्यांच्या १८७३ च्या सत्यशोधक समाजावरून घेतलंय, आणि हा संबंध फार खोल आहे असं मला वाटतं. धर्मसुधारणा करायची तर मुसलमानाने फक्त अरबस्तानाकडे बघायला पाहिजे असं नाही, तो पुण्याच्या गंजपेठेकडेही बघू शकतो, हा वारसा माझाही आहे, असं म्हणण्यासारखं ते नाव आहे. सोबत कोण होते तर सय्यदभाई, बाबूमियाँ बँडवाले, अशी कष्टकरी, लहान नोकऱ्या धंदे करणारी माणसं. सय्यदभाई पेन्सिलच्या कारखान्यात कामाला होते, त्यांच्या बहिणीला तरुण वयात तोंडी तलाक मिळाला आणि त्यातून ते या कामाकडे वळले, त्यांनी 'दगडावरची पेरणी' मधे हे स्वतः लिहिलंय. पुढे २०२० मधे त्यांना पद्मश्री मिळाली. मंडळाचं रोजचं काम काय होतं तर तलाकपीडित बाईला बसवून तिचं ऐकायचं, नवऱ्याला बोलवायचं, कागद करायचे, कोर्टात न्यायचं, शिलाई मशीन कुठून मिळतं बघायचं. मोठमोठ्या वादांच्या गोष्टी सांगणारे हे विसरतात. १९७१ मधे पुण्यात मुस्लिम महिलांची परिषदही भरवली.

अजून एक मुद्दा त्यांनी लावून धरला, महाराष्ट्रातल्या मुसलमान मुलांनी शिक्षण मराठीतून घ्यावं. यावर आजही घरोघर भांडणं होतात. माझ्या ऑफिसात आलेल्या त्या पहिल्या बाईला उर्दू येत नव्हतं पण तिच्या आयुष्याचा निकाल उर्दूत आला होता, आणि याच्या उलट कितीतरी बायका पुढे भेटल्या ज्यांना उर्दू शाळेत घातल्यामुळे पोलीस स्टेशनातला स्वतःचा मराठी जबाब वाचता येत नाही, त्या अंगठा नाहीतर सही करतात आणि नंतर मला विचारतात त्यात काय लिहिलं होतं. उर्दू सुंदर भाषा आहे, घरी शिकवा, गझल वाचा, पण तलाठ्याचा कागद वाचता आला पाहिजे. मी याबाबतीत पूर्णपणे दलवाईंच्या बाजूची आहे.

आता ते राजकारणाचं पुस्तक. मूळ लेखन मराठीतलं, दिलीप चित्र्यांनी भाषांतर करून १९६८ मधे ते 'मुस्लिम पॉलिटिक्स इन इंडिया' या नावाने इंग्रजीत आलं आणि दलवाई देशभर माहीत झाले. मराठीत 'मुस्लिम जातीयतेचे स्वरूप, कारणे व उपाय' आणि त्यांच्या मृत्यूनंतर आलेली 'राष्ट्रीय एकात्मता आणि भारतीय मुसलमान', 'इस्लामचे भारतीय चित्र' ही पुस्तकं आहेत. यात ते मुसलमान पुढारीपणाची फार कडक चिकित्सा करतात, फाळणीआधीची आणि नंतरची. त्यांचं मुख्य दुखणं हे आहे की हिंदू समाजात एकोणिसाव्या शतकापासून स्वतःच्या धर्मावर, स्वतःच्या परंपरेवर टीका करणारा वर्ग तयार झाला, त्याला शिव्या खाव्या लागल्या पण तो टिकला, मुसलमान समाजात असा वर्ग मूळच धरू शकला नाही, आणि तो तयार झाल्याशिवाय कुठलाही प्रश्न सुटणार नाही. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणारी माणसं होती पण 'सुधारक' निघतच राहिला, तसं काहीतरी आपल्याकडे हवं, अशी ती तळमळ आहे.

फॉरवर्ड करणारे इथपर्यंत येतात. पण त्याच लेखनात ते हिंदू पुनरुज्जीवनवादालाही तितकंच स्पष्ट नाकारतात. मुसलमान जातीयतेला उत्तर हिंदू जातीयता होऊच शकत नाही, हिंदूंनी जास्त आधुनिक व्हायला हवं, मागे जायला नको, असं ते म्हणतात. भारतीय मुसलमान इथला बरोबरीचा नागरिक आहे, कुणाचा पाहुणा नाही, ही त्यांची सुरुवातच आहे. बरोबरीचा नागरिक म्हणजे बरोबरीचे हक्क, आणि म्हणून बरोबरीचा कायदा, आणि म्हणून घरातल्या बाईलाही बरोबरी, अशी ती साखळी आहे. यातली एक कडी उचलायची आणि दुसरी टाकायची हे मला अप्रामाणिक वाटतं, मग ते कुणीही करो. तुझ्या काकांना एवढंच विचार, आदराने, की दलवाईंची हिंदू समाजाकडून काय अपेक्षा होती.

मला त्यांचं सगळं पटतं का? नाही. मुसलमान मन असं आहे तसं आहे अशी मोठी विधानं ते कधीकधी करतात, तिथे मी अडखळते, कारण मी ज्या हजारो मुसलमान बायकांशी बोलले त्यांचं एक मन नव्हतं, चिपळूणच्या बाईचं वेगळं, भिवंडीच्या विणकराच्या बायकोचं वेगळं, परभणीच्या शेतमजूर बाईचं आणखी वेगळं. ते लिखाण साठच्या दशकातलं आहे, फाळणीला वीस वर्षं झालेली, १९६५ चं युद्ध नुकतंच संपलेलं, ती आच त्यात आहे. गरिबी, वस्त्या, नोकऱ्या याबद्दल त्यांनी कमी लिहिलं. मुसलमानांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवरचा २००६ चा सच्चर समितीचा अहवाल वाचलेल्या पिढीला ते कमी जाणवणारच. दुसरं म्हणजे, ते स्वतः धर्म मानत नव्हते आणि ते लपवतही नव्हते, हा त्यांचा प्रामाणिकपणा, पण त्यामुळे श्रद्धाळू बाईपर्यंत पोचायला वाट लांब झाली. नंतर असगर अली इंजिनीयर यांच्यासारख्या इस्लामच्या अभ्यासकांनी कुराणाच्याच आधारे स्त्रियांचे हक्क मांडले, २००७ मधे भारतीय मुस्लिम महिला आंदोलन सुरू झालं त्यांनीही कुराण आणि राज्यघटना दोन्ही हातात घेतलं. यातलं बरोबर कुठलं असं मला विचारतात. कोर्टात उभं राहिलं की कळतं, बाईला दोन्ही लागतात, रात्री झोप लागायला एक आणि सकाळी ऑर्डर मिळायला दुसरं.

३ मे १९७७ ला ते गेले, मूत्रपिंडाच्या आजाराने, वय ४४. आपल्यावर कुठलेही धार्मिक संस्कार नकोत, दफन नको, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं आणि मुंबईत चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीत त्यांना अग्नी दिला गेला. मुसलमान घरात हे किती अवघड असतं ते लिहून सांगता येणार नाही. मेहरुन्निसाबाईंनी ते निभावलं. त्यांचं 'मी भरून पावले आहे' वाच, मी ते दुसऱ्या नंबरवर ठेवलंय. घर चालवायला नोकरी त्या करत होत्या, नवरा पूर्णवेळ चळवळीत, घरात कार्यकर्त्यांचा राबता, बाहेरून धमक्या, नातेवाइकांचे टोमणे, मग आजारपण. सुधारकाच्या घरात सुधारणेची किंमत कोण भरतं ते त्या पुस्तकात कळतं, आणि त्या ती न कुरकुरता सांगतात. नवरा गेल्यावरही थांबल्या नाहीत. १९८५ मधे, तलाक दिलेल्या मुसलमान बाईला पोटगी देणाऱ्या शाहबानो निकालावरून देश पेटलेला असताना, कोल्हापूरहून नागपूरला जाणारा तलाकमुक्ती मोर्चा निघाला त्यात त्या पुढे होत्या. २०१७ च्या जूनमधे त्या गेल्या.

आणि त्याच वर्षी २२ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, पाच न्यायमूर्ती, तीन विरुद्ध दोन, एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द. अडीच महिन्यांचा फरक. मी त्यादिवशी कोर्टातच होते, मोबाईलवर बातमी वाचली आणि बार रूममधे जाऊन बसले थोडा वेळ.

पण तुझ्या प्रोजेक्टमधे "दलवाईंचं स्वप्न पूर्ण झालं" असं लिहू नकोस, थोडं थांब. आधी हे नोंदव की महाराष्ट्रात १५ वर्षं आधीच, २००२ मधे, मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने दगडू पठाण केसमधे सांगितलं होतं की नवरा नुसता "मी तलाक दिला" म्हणून चालणार नाही, तलाक दिला हे इतर गोष्टींसारखं पुराव्याने सिद्ध करावं लागेल, योग्य कारण, दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न, हे सगळं दाखवावं लागेल. आम्हा वकिलांना खरं हत्यार तेव्हा मिळालं आणि त्यानंतर पाकिटं फाडायला सोपं झालं. मग २०१९ चा कायदा, त्यात तिहेरी तलाक गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत कैद. दलवाईंनी मागितला होता तो सगळ्यांना सारखा नागरी कायदा, म्हणजे लग्न, घटस्फोट, वारसा यांत बरोबरी. तुरुंग हा वेगळा रस्ता आहे. माझ्याकडे येणाऱ्या बाईचा पहिला प्रश्न असतो की तो आत गेला तर घरभाडं कोण भरेल, आणि बऱ्याच जणी म्हणूनच तक्रार करत नाहीत. काहींना मात्र त्या कायद्याच्या धाकाने नवरा बोलणीला येतो हेही मी पाहिलंय. दोन्ही लिही.

बहुपत्नीत्व, जी १९६६ ची दुसरी मागणी होती, ते महाराष्ट्रात आजही मुसलमान पुरुषाला कायद्याने खुलं आहे. वारसाही इथे तसाच आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून बहुतेक बाबतीत सगळ्यांना एकच नागरी कायदा आहे, लग्नाची नोंद सरकारी कचेरीत करावीच लागते, आणि तिथला मुसलमान काही कमी मुसलमान झालेला नाही, हे उदाहरण वादात उपयोगी पडतं. पण समान कायदा म्हणजे नक्की काय, तो आदिवासी बाईला काय देणार, हिंदू अविभक्त कुटुंबाच्या टॅक्स सवलतीचं काय करणार, याचा मसुदा समोर ठेवून बोलायला पाहिजे, घोषणेवर नाही.

पुस्तकांबद्दल शेवटचं. 'लाट' आणि 'जमीला जावद' बारीक आहेत, दोन रात्रीत होतील. 'इंधन' ला आठवडा दे. मेहरुन्निसाबाईंचं वाचताना वही जवळ ठेव, तारखा आणि माणसं तिथे भेटतील. राजकारणाचं पुस्तक उघडशील तेव्हा प्रत्येक प्रकरणावर पेन्सिलने वर्ष लिही, म्हणजे ते कशाला उत्तर देताहेत ते लक्षात राहील. आणि तुझ्या मैत्रिणीला काही द्यायचं असेल तर राजकारणाचं देऊ नकोस, वाद होईल आणि मैत्री जाईल. तिला 'लाट' दे. आधी तिच्या आईला वाचायला दिलीस तरी चालेल, माझ्या आईने ते पुस्तक एका दुपारी वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "ह्यो आपल्याच घरचो हाय."